उंद्रीच्या शेतातलं लँडिंग

तुटलेले प्रोपेलर आणि किस्से, दोन्ही आमच्या ग्रुपमध्ये ढिगानं साचतात. प्रोपेलर फेकता तरी येतात!

ग्रुप म्हणजे तिघंच. चिखलीचे सुतार सलीमभाई, रिटायर्ड वानखडे सर आणि मी. उंद्रीजवळ सोयाबीन निघालेल्या शेतात आम्ही रिमोटची विमानं उडवतो. बनवणार सलीमभाई, सल्ले देणार सर आणि तोडणार मी. सात वर्षांत माझं एक लँडिंग धड झालं नाही.

*

वरखाली दोन-दोन पंखांचं विमान सलीमभाईंनी आठ महिने खपून केलं. उडवायच्या आधी पंखांच्या पट्ट्या रिमोटप्रमाणे हलतात का, ते तपासायला सर उभे राहिले. "उजवी वर... बरोबर!"

विमान उठलं, उलटं झालं, तुरीत घुसलं. सर विमानाच्या समोर उभं राहून उजवं-डावं पाहत होते!

तुकडे पोत्यात भरत सलीमभाई म्हणाले, "काऊन सर, पायलट मांगं तोंड करून बसते काय?"

*

त्यांनी दुसरं केलं. तोल बघायला वरच्या पंखाखाली दोन बोटं लावून विमान उचलतात. सलीमभाईंनी उचललं. ते थरथरायला लागलं.

"हवा सुटली," सर म्हणाले.

आम्ही खोलीत होतो. पंखा बंद होता.

*

डॉक्टर म्हणाले, हाताचा कंप वाढतच जाणार. करवत सुटली.

मी धीर द्यायला गेले. "माह्या हाताले काहीच नाही झालं, तरी मी पाडूनच राह्यली ना!"

"म्हणून तं भेव वाटते, ताई. माह्यामांगं हे तुमच्याच हाती येणार!"

*

ते विमान एकदा तरी स्वतः उडवायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

दोन रिमोट जोडता येतात. एक शिकणाऱ्याकडे, एक मास्तरकडे. मास्तरनं बटण दाबून धरलं की विमान शिकणाऱ्याचं. सोडलं की मास्तरचं. सात वर्षं त्या बटणावर सलीमभाईंचं बोट होतं. परवा माझं.

वर दोन चकरा झकास झाल्या. उतरताना विमान त्यांच्या हातासारखंच थरथरायला लागलं.

मी बटण सोडलं.

चाकं अलगद टेकली. माझं आयुष्यातलं पहिलं धड लँडिंग, आणि सांगायची चोरी!

"वा सलीमभाई, हात साबूत हाये अजून!" सर टाळ्या वाजवत ओरडले. मीही वाजवल्या. जरा जास्तच जोरात.

सलीमभाईंनी विमान पुसलं, माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं आणि थरथरत्या हातानं त्याला बेल्ट लावला. खूप वेळ लागला.

मग हळूच म्हणाले, "शिकल्या बरं तुम्ही, ताई."