आमचे घरमालक आणि मीनूचा वर्ग

सरकारवर मनापासून प्रेम करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमचा घरमालक होता. सरकारला शिव्या देणारे घरोघरी असतात. पंजाबातल्या दहशतीच्या त्या वर्षांत चंदीगडातही त्यांना तोटा नव्हता. पण सचिवालयातून सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या या सरदारजींना सरकार म्हणजे मनाने चांगला, पण कानाने जड असा एखादा काका वाटायचा. "सरकार ना नहीं कहती, पुत्तर," ते मला सांगत, "उसको सुनाई देर से देता है." सेक्टर बावीसमधली आमची अख्खी गल्ली त्यांना दारजी म्हणे. ह्यांना तिथल्या एका संशोधन संस्थेत नोकरी लागली, म्हणून आम्ही नागपूरहून येऊन दारजींच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू झालो आणि आम्हीही दारजीच म्हणू लागलो.

नोकरी सुटली तरी दारजींची कचेरी सुटली नव्हती. सकाळी बरोबर नऊ वाजता पगडी बांधून, कोट चढवून ते स्वतःच्याच व्हरांड्यात टाइपरायटरपुढे हजर होत आणि एक वाजता जेवणाची सुट्टी घेत. त्यांच्या पत्नी, बीजी, अकराचा चहा घेऊन आल्या की मान वर न करता "रख दो, देखते हैं" म्हणत. लुधियानाच्या मेहुण्याला मुलीच्या लग्नाबद्दल अभिनंदनाचं पत्र लिहिलं तरी त्यावर 'विषय' असा मथळा असे आणि कार्बनप्रत फायलीला लागे. एकदा नळ गळतो म्हणून मी तक्रार केली, तर म्हणाले, "लिख के दो." मी हसत हसत चिठ्ठी लिहून दिली. त्यांनी तिच्यावर 'मंजूर' असा शेरा मारला, सही केली, आणि मग स्वतःच पाना घेऊन वर आले.

अशा माणसाच्या हाती आमची मीनू लागली. मीनू सहा वर्षांची. बोलत नसे, हाकेला वळून बघत नसे. चमचे, चपला, जे सापडेल ते ओळीत मांडत बसे. रात्री सलग तासाभराच्या वर झोपत नसे, त्यामुळे मीही झोपत नसे. दोन शाळांनी तिला परत पाठवलं. मतिमंद मुलांच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, ही आमच्यातली नाही. शेवटी एका वयस्कर डॉक्टरांनी नाव सांगितलं, ऑटिझम. पण पुढे काय, याचं उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. त्या दिवशी मी घरात न जाता जिन्यातच बसून रडले. दारजी आले, दोन पायऱ्या खाली थांबले. मी तो शब्द सांगितला तेव्हा खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, "स्पेलिंग बताओ."

मला वाटलं, म्हाताऱ्याला विरंगुळा मिळाला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पाच पानांचा मसुदा वाचून दाखवला. शहरात अशी मुलं किती आहेत ते सरकारने शोधावं, त्यांच्यावर संशोधन करायला डॉक्टरांना निधी द्यावा, आणि तोवर निदान एक खोली आणि एक प्रशिक्षित शिक्षिका सरकारी खर्चाने द्यावी. आरोग्य खात्याने अर्ज शिक्षण खात्याकडे ढकलला, शिक्षण खात्याने समाजकल्याणकडे, आणि समाजकल्याणने परत आरोग्याकडे. मी खचले, दारजी मात्र खूश. "तीन महकमों ने पढ़ लिया! अब तीनों को स्पेलिंग आती है!"

अखेर एका बड्या अधिकाऱ्याने भेटीची वेळ दिली. दारजी सायकलवर पुढे, मीनू आणि मी रिक्षात मागे. शहरभर वाळूची पोती आणि पोलिसांचे नाके. एका नाक्यावर जवानाने दारजींची पिशवी उघडायला लावली. "इसमें क्या है?" "अर्ज़ियाँ." "किस बात की?" हा प्रश्न दारजींना विचारायचा नसतो, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. मागे स्कूटरींची रांग लागली, भोंगे वाजू लागले, आणि दारजी बंदुकीसमोर उभे राहून ऑटिझम समजावत राहिले. शेवटी जवान हळूच म्हणाला, "मेरी भतीजी ऐसी है जी. गाँव में कहते हैं, भूत लगा है." दारजींनी त्याला अर्जाची एक प्रत दिली, आणि प्रत मिळाल्याची सही घेतली.

अधिकारी सौजन्याने वागले. "सरदारजी, हालात तो आप देख ही रहे हैं. थोड़ा अमन हो जाए, फिर सोचेंगे." दोनच महिन्यांपूर्वी गावाकडे दारजींच्या पुतण्याला कोणीतरी गोळ्या घातल्या होत्या. कोणी, ते कधीच कळलं नाही. दारजींचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "साहब, हालात मैंने अपने घर में देखे हैं. अमन जब आना है, आए. पर यह बच्ची इस साल सात की हो जाएगी. यह नहीं रुकेगी." मीनू अधिकाऱ्यांच्या टेबलावरचे पेपरवेट ओळीत लावत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि फाइल पुढे ओढली.

वर्ष उलटता उलटता हुकूम निघाला. शिरगणती नाही, संशोधनही नाही. पण एका सरकारी शाळेतली खोली आणि एका शिक्षिकेचा पगार, एका वर्षापुरता. दारजी दर वर्षी ती मुदत वाढवून आणत. चार मुलांची पुढे अकरा झाली. मीनू तिथे आपल्या हाताने जेवायला शिकली, बोटाने दाखवून मागायला शिकली. मग ह्यांची बदली झाली आणि आम्ही नागपूरला परतलो. दारजी गेल्याचं बीजींच्या पत्रातून कळलं. संशोधनाचा अर्ज शेवटपर्यंत चालूच होता म्हणे. त्या शाळेत आज त्यांचं नाव कोणाला ठाऊक असेलसं वाटत नाही.

मला मात्र वर्गाची पहिली सकाळ आठवते. मीनूला आत सोडलं, शिक्षिकेने दार लोटून घेतलं, आणि मी फाटकाशी उभी राहिले. सहा-सात वर्षांत पहिल्यांदाच माझे दोन्ही हात रिकामे होते आणि त्यांचं काय करायचं ते सुचेना. दारजी सायकल धरून उभे होते. मी त्यांचे आभार मानायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "घर जा पुत्तर. सो जा. एक बजे मैं ले आऊँगा."

मी घरी गेले आणि झोपले. तशी झोप मला पुन्हा कधी लागली नाही.