समिती पळाली तेव्हा

गूळ करपल्याचा वास आला की मला ती अणुसुरक्षा समिती पळताना दिसते. जपानात अणुभट्टी फुटली, म्हणून आपल्या भट्ट्या तपासायला सरकारनं तज्ज्ञ नेमले, आणि ते भट्ट्या सोडून कुसगावच्या आमच्या हॉटेलात येऊन बसले. पोह्यांचे दोन डोंगर आणि चहाचं एक धरण रिकामं करून त्यांनी दुपारपर्यंत ठरवूनही टाकलं, की आपल्याकडे असलं काही होऊच शकत नाही, कोकणातला नवा प्रकल्प बिनधास्त उभारा. आमच्या स्वयंपाकीण मावशीचं माहेर नेमकं त्या प्रकल्पाच्या कुंपणाला लागून. चहा देता देता तिनं अध्यक्षांना विचारलं, "सायेब, तितं काय झालंच, तर माज्या भावानं पोरंबाळं घिऊन कुटं जायाचं?" अध्यक्ष हसले. "मावशी, हे शास्त्र आहे. घाबरायचं नसतं." तेवढ्यात चिक्कीसाठी चढवलेला गुळाचा पाक करपला, सभागृहात धूर शिरला आणि आगीचा भोंगा बोंबलला. शास्त्र जे सुटलं! एक तज्ज्ञ खिडकीतून गेला, दुसरा माझ्या डोक्यावरून, आणि अध्यक्षांना तर आम्ही फाटकाशी धरलं नसतं तर ते थेट तळेगावलाच थांबले असते. मावशी पदरानं धूर वारत बाहेर आली. "गूळ करपलाय सायेब, या आत. तुमाला पळाया दार तरी घावलं. माज्या भावाच्या म्होरं समुद्र हाय." अध्यक्षांनी घाम पुसला आणि विचारलं, "दुसरा पाक करताय ना?" सगळं सुरक्षित असल्याचा अहवाल यथावकाश गेला. मावशी आजही माहेरी फोन लावते तेव्हा तब्येतीच्या आधी विचारते, "होडी धड हाय न्हवं?"