बाहेर उघडणारी दारं

नाईट क्लबातली बायकांची स्वच्छतागृहं सांभाळणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत. मावशी म्हणायचं आणि तिचं ऐकायचं मात्र नाही, अशी तिथली रीत.

संडासांची दारं आत उघडत. मावशी मॅनेजरच्या कानीकपाळी ओरडून थकली होती. "साहेब, पोरी आत बसून नशेच्या गोळ्या खातात, भोवळ येऊन दारालाच टेकून पडतात. मग दार ढकलवत नाही. बाहेर उघडणारी करून द्या."

त्याचं उत्तर ठरलेलं. "आपल्याकडे तसलं काही चालत नाही, मावशी. दारं फिरवली तर लोक म्हणतील, चालतं."

गेल्या शनिवारी एक पोरगी अशीच पडली. मावशीनं खांदा लावला. जितकं ढकलावं तितकी आत ती पोर चेपत होती. मॅनेजर म्हणाला, "गवगवा नको. झोप लागली असेल." दार उचकटेपर्यंत तिचं अंग गार पडलं होतं. मावशीच्या खांद्यावरचा काळानिळा डाग अजून उतरला नव्हता.

सोमवारी भर दुपारी मावशी आपल्या सुतार भावाला घेऊन क्लबात शिरली. दिवसाउजेडी ती जागा रंग उतरलेल्या सोंगासारखी दिसे. फरशी चिकट, भिंतींना ओल, सांडलेल्या दारूचा आंबूस वास.

बिजागऱ्या सोडवता सोडवता भाऊ म्हणाला, "ताई, नोकरी जाईल तुझी. भाऊजींना काय सांगशील?"

"सांगेन, तुमच्या मेव्हण्यानं घालवली. तू स्क्रू काढ."

तीन दारं फिरवून झाली आणि मॅनेजर आला. सवयीनं त्यानं पहिलं दार ढकललं. ते हललं नाही.

"कोणाला विचारून केलंत हे?"

"तुम्हालाच विचारत होते. शनिवारपर्यंत."

त्याचा चेहरा उतरला, पण आवाज चढला. "होतं तसं करून द्या. आत्ताच्या आत्ता."

भावानं चौकटीवर बोट ठेवलं. "जुनी भोकं बुजवलीत, साहेब. लाकूडही पोखरलंय. तिथं आता स्क्रू धरणार नाही."

"मावशी, उद्यापासून येऊ नका."

मावशीनं कमरेचा एप्रन सोडला, घडी केली, बेसिनच्या कडेला ठेवला. मग पहिल्या दाराच्या मुठीत एक बोट अडकवून ते अलगद ओढलं. दार उघडलं.

"एक बोट पुरतं, साहेब. शनिवारी माझा अख्खा खांदा कमी पडला."

मॅनेजर त्या रिकाम्या संडासाकडे बघत राहिला. मावशी भावाकडे वळली.

"चौथं राहिलंय. कर सुरू."