घरमालक मामांचं तांदळाचं धुवण

काळजी करण्यात आमच्या चेन्नईच्या घरमालकांचा हात धरेल असा माणूस मला आजवर भेटलेला नाही. सगळं सुरळीत चाललेलं असलं की आपण काहीतरी विसरलो आहोत अशी शंका त्यांना येई, आणि मग ते घरभर ते काहीतरी शोधत फिरत. मी सांगलीहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी तिकडे गेलो आणि अड्यारला त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहू लागलो, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्यांनी माझी खाट सरकवून घेतली. छताचा पंखा निखळला तर तो डोक्यावर न पडता पायांवर पडावा, एवढीच त्यांची इच्छा होती. "पायाला प्लास्टर घालतां येतें," ते म्हणाले. अख्खी गल्ली त्यांना मामा आणि त्यांच्या पत्नीला मामी म्हणे, म्हणून मीही तसंच म्हणू लागलो. मामांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला गेलेलं. त्यांचं मराठी ऐकताना जुनी बखर वाचत असल्यासारखं वाटे, फक्त हेल तमिळ आणि मधूनमधून "सेरी, सेरी", म्हणजे बरं, बरं. कंपनीतून यायला मला उशीर झाला की ते फाटकाशी उभे असत. "कोठें होतां? मी कितीदां खालीं-वर केलें," असं म्हणत आणि मग मी जेवलो की नाही याची एक नवी काळजी घेऊन आत जात.

मामी अगदी उलट. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, बोलणं मोजकं, चेहरा शांत. मामांच्या प्रत्येक शंकेचं त्या एका शब्दात उत्तर देत, आणि तो शब्द बहुधा "बघूं" असा असे. त्यांचे केस मात्र सगळ्या गल्लीच्या बोलण्यात होते. कमरेखाली जाणारी काळी-पांढरी वेणी, आणि संध्याकाळी त्यात मामांनी कोपऱ्यावरून आणलेला मोगरा. त्या उन्हाळ्यात मामींना टायफॉइड झाला. ताप उतरला, माणूस वाचला, पण केस गळू लागले. फणी फिरवली की मूठभर, उशीवर तेवढेच, न्हाणीघरात त्याहून जास्त. डॉक्टरांनी सांगितलं, "तापानंतर गळतातच, परत येतील. नीट जेवा." मामांनी यातलं फक्त "गळतातच" एवढंच ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते गळलेले केस कागदात बांधून दवाखान्यात घेऊन गेले आणि हे अमुकच दिवसाचे आहेत, कालचे वेगळे ठेवले आहेत, असं डॉक्टरांना सांगू लागले. डॉक्टर भला माणूस. त्याने पुडी उघडून पाहिली, पुन्हा बांधून दिली आणि मामांचंच ब्लडप्रेशर तपासलं.

त्याच सुमारास कुठल्याशा तमिळ साप्ताहिकात मामांनी वाचलं की तांदूळ धुतलेलं पाणी केसांना लावलं तर केस दाट होतात. तिकडे त्या धुवणाला कळनी म्हणतात आणि एरवी ते गाईला घालतात. मामांना आशा वाटली आणि लगेच भीतीही वाटली. आजारातून उठलेल्या बाईच्या डोक्याला ते बाधलं तर? आधी कुणावर तरी करून पाहायला हवं. स्वतःचं डोकं त्यांनी आनंदाने दिलं असतं, पण त्यावर प्रयोगापुरतंही काही शिल्लक नव्हतं. बोअरच्या खाऱ्या पाण्याने माझे केस नाहीतरी विरळ होत चालले होते. एका सकाळी मामा गच्चीवर आले, बराच वेळ माझ्या भांगाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "तुमची अनुमति असेल तर एक विचारूं?"

मी हो म्हटलं. तेव्हापासून खिडकीत लोणच्याची एक चिनी बरणी आली. तांदूळ भिजवायचे, हाताने चोळायचे, ते दुधासारखं पाणी बरणीत भरून जरा आंबट होईपर्यंत ठेवायचं, मग डोक्याला लावून मुरू द्यायचं आणि धुऊन टाकायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण त्या वर्षी शहरात पाण्याची टंचाई होती आणि बोअरही आटली होती. पाण्याची लॉरी येईल तेव्हा रंगीत घागरी घेऊन रांगेत उभं राहायचं आणि मिळालेलं पाणी जपून वापरायचं. त्यामुळे मी डोकं धुवत असे ते जेमतेम. एकदा कंपनीच्या बैठकीत शेजारचा तमिळ सहकारी हवेत नाक उचलून हळूच म्हणाला, "आज कुणी डब्यात शिळा भात आणलाय का?" मी खिडकी उघडायला उठलो तर वास माझ्याबरोबरच खिडकीपाशी आला. संध्याकाळी मामांना हे सांगितलं तर त्यांना हसू आलं नाही. वास डोक्यात मुरला म्हणजे पाणी जास्त आंबलं, आणि जास्त आंबलं म्हणजे कातडी भाजेल, असा त्यांचा हिशेब होता. दुसऱ्या सकाळी न्हाणीघराच्या दाराबाहेरून प्रश्न सुरू झाले. जळजळ होते काय? खाज? डोळ्यांपुढे अंधारी? मी आतून एक शिंक दिली. तो प्रयोग त्यांनी तिथल्या तिथे थांबवला आणि मला मिऱ्याचा काढा प्यायला लावला.

शेवटी मी जिवंत आहे अशी खात्री पटल्यावर मामींची पाळी आली. कापसाचा बोळा धुवणात बुडवून मामा स्वतः त्यांच्या डोक्याला लावत. अंगणातल्या बाकड्यावर मामी डोळे मिटून बसत आणि मामा पाठीमागे उभे राहून एकेक भांग पाडत जात. पण लवकरच नवा पेच आला. एवढ्या डोक्याला पुरेल इतकं धुवण काढायचं तर तांदूळ जास्त धुवायला हवेत, आणि धुतलेले तांदूळ शिजवायलाच हवेत. दोन माणसांना तो भात संपेना. टाकणं पाप. मग मामांनी मला खाली बोलावलं. "तुम्ही रोज रात्रीं आमच्याकडे जेवा. आमच्यावर उपकार होतील." मी पोळीवर वाढलेला माणूस, पण मेसला कंटाळलो होतो. सांबार भात, रसम भात, ताक भात असं एकामागून एक तिघेजण जेवू लागलो. आजारापासून मामी चार घास खाऊन उठत. पाहुणा पानावर बसलेला असताना यजमानीण बाईला उठता येईना. मी हळूहळू जेवणारा. त्या माझ्याबरोबर बसत, मला वाढताना स्वतःलाही थोडं वाढून घेत, आणि माझ्या कंपनीतल्या साहेबाच्या गोष्टी ऐकता ऐकता तो भात संपून जाई. मामांचं लक्ष मात्र पानाकडे नसे. ते मामींच्या कपाळावरच्या केसांच्या रेषेकडे पाहत, आणि त्यांचा स्वतःचा घास हातातच राही.

एकदा मामा लॉरीच्या रांगेत गेले होते आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलो होतो. मामी तांदूळ धूत होत्या. पहिलं पाणी झाडांना, दुसरं बरणीत. मी विचारलं, "मामी, खरंच फरक पडतो का याने?"

"ह्या पाण्यानें?" त्या म्हणाल्या. "नाही रे. जेवल्यावर केस येतात. डॉक्टरानें सांगितलें तेंच खरें."

"मग लावून का घेता?"

त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "त्यांची आई तापांत गेली. हे लहान होते. आधीं तिचे केस गेले, मग ती गेली, एवढेंच ह्यांना आठवतें. मला ताप आला तेव्हांपासून ह्यांचे हात कांपतात, तूं पाहिलें असशील. डोक्याला लावतात तेवढा वेळ कांपत नाहीत."

थोड्या वेळाने मामा दोन घागरी घेऊन आले आणि लॉरीचं पाणी पिवळसर दिसतं, त्याने तांदूळ धुवावेत की नाही, असं विचारू लागले. मामी म्हणाल्या, "बघूं."

पावसाळा संपता संपता एका सकाळी मामांनी मला हाक मारली. आवाज असा की मी चप्पल न घालता जिना उतरलो. मामी बाकड्यावर बसल्या होत्या आणि मामा त्यांच्या डोक्याकडे बोट दाखवत होते. "तुम्ही पाहा. माझे डोळे खोटें दाखवतात." मी वाकून पाहिलं. भांगाच्या दोन्ही बाजूंना बारीक, उभे, रुपेरी केस आले होते, नुकत्याच उगवलेल्या गवतासारखे. मी म्हटलं, "आलेत मामा." त्यांनी मला पुन्हा पाहायला लावलं. मग ते बाकड्याच्या टोकाला बसले आणि उपरण्याने तोंड पुसत राहिले. मामींनी बाजूला हात करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. त्या दिवशी आणखी कशाची काळजी त्यांनी केल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र, हे केस पांढरे का आले, म्हणून ते पुन्हा दवाखान्यात गेले.

पुढे मला पुण्यात नोकरी मिळाली आणि मी चेन्नई सोडली. अधूनमधून फोन होई. मामा हवापाण्यापासून पुण्याच्या रिक्षांपर्यंत सगळ्याची चौकशी करत. मग हळूहळू फोनवर मामीच बोलू लागल्या. काही वर्षांनी लग्न झाल्यावर बायकोला घेऊन मी अड्यारला गेलो. फाटक उघडं होतं. मामा व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते, अंग भरलेलं, चेहरा तुकतुकीत. त्यांनी हसून आमचं स्वागत केलं आणि मी कोण, कुठला, असं मोठ्या अगत्याने विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "सेरी, फार छान." आम्ही कसे आलो, कशाने आलो, परत केव्हा जाणार, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. इतके निवांत मामा मी कधी पाहिले नव्हते. मामी आत-बाहेर करत होत्या. मामांनी गोळी घेतली का, पायाला गार तर लागत नाही ना, मधेच उठून चालू लागले तर, हे सगळं आता त्यांच्या डोळ्यांत होतं.

संध्याकाळी त्या आमच्याजवळ येऊन बसल्या आणि वेणी सोडून विंचरू लागल्या. केस पुन्हा कमरेपर्यंत आले होते, पूर्ण पांढरे. मामा बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होते. मग परक्या बाईशी बोलावं तसे संकोचून म्हणाले, "आपले केस फार सुंदर आहेत."

मामींची फणी थांबली. मला वाटलं, त्या "बघूं" म्हणतील.

"होय," त्या म्हणाल्या. "तुम्हींच वाढवलेत."

मामांनी जरा विचार केला. मग समाधानाने मान हलवली आणि बाहेर रस्त्यावरून जाणारी माणसं पाहू लागले.