एकोणतीस नंबरचे दोन टाके

आमच्या घरात एकेचाळीस बाहुल्या आहेत आणि त्या माझ्या बायकोच्या आहेत. हे चारचौघांत सांगायची मला बरीच वर्षं लाज वाटायची. पाहुणे आले की काचेच्या कपाटासमोरची खुर्ची मी स्वतः पकडायचो. पाठीमागं कपाट झाकलं जावं, एवढाच हेतू.

या लहान मुलांच्या बाहुल्या नव्हेत. उंची माझ्या मधल्या बोटाहून थोडी जास्त, पण बांधा मोठ्या बाईचा. अंगावर गाऊन, कोट, टोपी. पायातला बूट हरभऱ्याच्या डाळीएवढा. बायको घरी ब्लाऊज शिवते. अशी एक बाहुली तिला कापडाच्या चिंध्यांत सापडली आणि तिचा पोशाख कुणी कसा शिवला असेल हे बघता बघता तिला नाद लागला. मग भंगाराची दुकानं, रविवारचा बाजार, रिकामी होणारी घरं. कागलला मी ज्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो, तिथल्या शेजारच्या भंगारवाल्यालाही ती ओळखते. मी मात्र त्याच्याकडं कधी गेलो नाही.

खरी गंमत गोळा करण्यात नाही, ओळखण्यात आहे, हे मला फार उशिरा कळलं. एकदा मी बाहुलीच्या पाठीवरचे आकडे वाचून म्हणालो, "अगं, साल लिहिलंय की हिच्यावर."

"ते साच्याचं साल," ती म्हणाली. "त्या साच्यातनं पुढं किती वर्षं भावल्या काढल्या असतील कुणाला ठावं. पाठीवरचं वाचून वय सांगाय गेलासा तर फसलासा."

मग तिनं भुवईचा रंग, डोक्यात केस किती ओळींत रोवलेत, गुडघा दुमडताना किती वेळा टक्‌ वाजतो, हे सगळं भिंग लावून दाखवलं. दहा मिनिटांत तिनं त्या बाहुलीचा जन्म दहा वर्षांनी अलीकडं आणला. प्रत्येक बाहुलीच्या कमरेला चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर, आणि त्या नंबराचं पान वहीत. स्टोअरमध्ये मीसुद्धा हेच करतो. सुट्या भागाचं लेबल कुणी काढलं की मी त्याला फैलावर घेतो. म्हणून पुढं जे झालं, त्याला माझ्याकडं सबब नाही.

एकोणतीस नंबरची बाहुली गडमुडशिंगीच्या एका पत्र्याच्या शेडमधून आली होती. अंगावर मरून रंगाचा लेस लावलेला गाऊन. पाठीवर, मानेवर, कुठंही एक अक्षर नाही. पण गाऊन मागच्या बाजूला पिवळट दोऱ्याच्या दोन टाक्यांनी बंद केलेला होता. कारखान्यातून निघाली तशीच होती ती, पोशाख एकदाही उतरलेला नव्हता. बायकोचा अंदाज होता की ही परदेशातली नाही, आपल्याकडच्याच एखाद्या छोट्या, कधीच्या बंद पडलेल्या कारखान्यातली असावी. बेळगावच्या एका बाईंकडं तशीच एक होती, कारखान्याचं नाव छापलेल्या मूळ खोक्यासकट. दोन वर्षं दोघी फोनवर बोलत होत्या. नवरात्रात पाचव्या माळेला त्या येणार होत्या. दोन्ही बाहुल्या शेजारी ठेवल्या, टाके जुळले, की बिननावाच्या बाहुलीला घर मिळणार होतं.

घट बसायच्या चार दिवस आधी सासूबाई पडल्या म्हणून बायको गारगोटीला गेली. जाताना म्हणाली, "घटाचं धुणं तेवढं उरकून घ्या. मी यस्तोर गोधड्या वाळल्या पाहिजेत."

आमच्याकडं घट बसायच्या आधी घरातलं सगळं कापड धुतात. गोधड्या, पडदे, पायपुसणी, देवाची वस्त्रं. एक चिंधीसुद्धा बिनधुतलेली राहू नये, असं आई म्हणायची. मी गोधड्या नदीवर नेल्या, पडदे धुतले, शिलाई मशीनचं कव्हरही धुतलं. मग कपाटासमोर उभा राहिलो.

मी विसरलो नव्हतो, आणि हे चुकून झालेलंही नाही. चिठ्ठ्या म्हणजे काय हे मला माहीत होतं. पण आदल्याच आठवड्यात माझा एक साडू म्हणाला होता, "दाजी, तुमच्याकडं पोरी लई झाल्या की!" आणि सगळे हसले होते. एकेचाळीस पोशाख उतरवताना त्या हसण्याचा राग माझ्या हातात होता. रीतीचं निमित्त मिळालं होतं. चिठ्ठ्या कात्रीनं कापल्या. एकोणतिसाव्या बाहुलीचा गाऊन निघेना, तर ते दोन टाकेही कापले. सगळं एका बादलीत, वर मूठभर पावडर.

दोरीवर ते इवले कपडे वाळत टाकले तेव्हा शेजारच्या वहिनी गच्चीतून ओरडल्या, "भावजी, बारसं कुणाचं हाय वो?" मी हसलो. तोवर मरून रंग उतरून गुलाबी झालेला मी पाहिला होता.

बायको आली. पिशवी खाली न ठेवताच कपाटाकडं गेली आणि एकोणतीस नंबर उचलून पालथी केली. गाऊन नव्हता, पाठ उघडी होती.

"टाकं?"

"कापले."

"दोरा कुठं हाय?"

"कचऱ्यात. गाडी येऊन गेली."

तिनं बाहुली पदरात धरली आणि मशीनसमोरच्या स्टुलावर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

पुढचे दिवस मी तिला काम करताना पाहिलं, आणि खरं सांगतो, एवढं कसब मी आमच्या कारखान्यात कुणाच्या हातात पाहिलेलं नाही. चेहरे तिला पाठ होते, पण एकसारखे पोशाख बरेच होते. गडद कापडाचा रंग प्लास्टिक पितं आणि तो साबणानं जात नाही, हे मला ठाऊक नव्हतं. काखेतला निळसर डाग कोणत्या कोटाचा, पाठीतला गोल खळगा कोणत्या टिचबटणाचा, हे ती भिंगातून बघून लावत गेली. चाळीस बाहुल्या आपापल्या कपड्यांत परत गेल्या. एकोणतीसच्या कमरेवर मरून डाग होता, गाऊनही तोच होता. फक्त टाके नव्हते.

चौथ्या माळेला मी हळूच म्हणालो, "तुझ्याकडं तसला पिवळा दोरा आहे. दोन टाक्यांचा प्रश्न. तू घातलेस तर कुणाला कळणार?"

तिनं सुई पिनकुशनमध्ये खोचली. "मला कळंल की."

दुसऱ्या दिवशी बेळगावच्या बाई आल्या. खोक्यातली बाहुली त्यांनी रुमालावर ठेवली, शेजारी आमची. चेहरा तोच, केसांच्या ओळी तेवढ्याच. मग त्यांनी आमची पालथी केली.

"अव्वा! हिचं टाकं कुणी काढलं?"

बायकोनं मान माझ्याकडं वळवली. मी बोलतो का हे बघायला.

"मी काढले," मी म्हणालो. "घटाचं धुणं म्हणून. आणि खरं तर मला या बाहुल्यांचा राग होता."

बाई म्हणाल्या, "कपडं धुतलासा, ते एक बरं. भावलीला उकळत्या पाण्यात घातला न्हाईसा!" मग त्यांनी भिंग मागितलं. लेसमध्ये सुईची चार भोकं अजून होती. स्वतःच्या बाहुलीच्या टाक्यांशी त्यांनी ती पट्टीनं मोजून पाहिली. अंतर तंतोतंत तेवढंच होतं.

"मी मानतो गं," त्या आपल्या बेळगावी बोलीत बायकोला म्हणाल्या. "ही हिचीच बहीण. पण दुसरं कोण मानंल ह्याचा भरोसा न्हाई. टाकं असतं तर तोंड उघडाय लागलं नसतं."

"खरं हाय," बायको म्हणाली.

चहा झाला, ओटी भरली, मी बाईंना स्टँडवर सोडून आलो. घरी वही उघडी होती. एकोणतिसाव्या पानावर तिनं लिहिलं होतं: 'बेळगावची जोडीदार. चेहरा, केस, भोकं जुळतात. मूळ टाके नाहीत.' खाली 'कारण' असा शब्द लिहून पुढची ओळ मोकळी सोडली होती आणि पेन वहीत तसंच होतं.

मी खुर्ची ओढली. कपाटाकडं पाठ न करता बसलो आणि लिहिलं: 'नवऱ्यानं कापले. मुद्दाम.'

तिनं स्वयंपाकघरातून येऊन वाचलं. 'मुद्दाम'वर तिचं बोट थोडं थांबलं. मग तिनं एकोणतीस नंबरची नवी चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बांधा. गाठ सैल ठेवा, कंबर बारीक हाय तिची."