घाटघरच्या अलीकडचा चढ

माझ्या नवऱ्याला सायकलीचं वेड लागलं ते चाळिशी उलटल्यावर. सुप्याच्या एमआयडीसीत ह्यांची नोकरी. दिवसभर यंत्रांचा आवाज आणि डोक्यावर तापलेले पत्रे. कारखान्याला सुट्टी आली की हे आणि माझे धाकटे दीर सायकली गाडीच्या टपावर बांधून कुठंतरी निघत. सुरुवातीला रेहेकुरीला काळवीट बघायला गेले. पण दोघांचं मन बसलं ते भंडारदऱ्यावर. धरणाच्या पाण्याला वळसा घालत अभयारण्यातून एक रस्ता जातो. शेंडीहून रतनवाडी, तिथून साम्रद, मग घाटघर, आणि मुरशेतवरून परत शेंडी. घरी आले की हे जेवताना त्या रस्त्याचंच बोलायचे. भातखाचरांत डोंगर कसा उलटा दिसतो, घाटघरच्या कड्यावर उभं राहिलं की पायाखाली कोकण कसं पसरलेलं असतं. मला म्हणायचे, एकदा तू पण चल. मला सायकल येत नव्हती, त्यामुळं तो विषय तिथंच संपायचा.

तीन वर्षांपूर्वी, सोनकी फुलते त्या दिवसांत, साम्रदहून घाटघरकडं जाताना चढावर ह्यांना हृदयविकाराचा झटका आला. दीर पुढं निघून गेले होते. मला फोन आला तेव्हा मी शाळेत होते, पहिलीच्या वर्गावर. राजूरच्या दवाखान्यात पोचले तर चादर तोंडावर ओढलेली होती. बाहेर बाकड्यावर दीर बसले होते, गुडघ्यापर्यंत चिखल. मी त्यांना एकच विचारलं, त्रास झाला का. ते म्हणाले, जागेवरच गेला वहिनी, कळलंसुद्धा नाही त्याला.

ते वाक्य आमच्या घरानं धरून ठेवलं. दहाव्याला आलेल्या प्रत्येकाला सासूबाई तेच सांगायच्या. माझ्या लेकराला काही कळलं न्हाई, झोपल्यावानी गेला. ऐकणारा मान हलवायचा, म्हणायचा, पुण्यवान माणूस. मलाही रात्री तेवढ्यावरच डोळा लागायचा.

वर्षभरानं मी सायकल शिकले. त्याचं कारण मला आजही नीट सांगता येत नाही. ह्यांची सायकल ओसरीत उभी होती, तिच्या चाकांतली हवा गेली होती, आणि रोज येता-जाता माझा पदर तिच्या हँडलला अडकायचा. एके दिवशी मी ती दुकानात नेली आणि सीट खाली करून आणली. पहाटे राळेगणच्या रस्त्याला रहदारी नसते. तिथं पंजाबी ड्रेस घालून मी पडत-झडत शिकले. दुधाच्या गाड्यांवरचे लोक वळून बघायचे. कोपर फुटलं, गुडघा सुजला. सासूबाई हळद लावून द्यायच्या, पण एका शब्दानं काही विचारायच्या नाहीत.

चढ जमायला लागल्यावर मी दिरांना म्हणाले, मला तो रस्ता दाखवा. त्यांनी त्या दिवसानंतर सायकलीला हात लावला नव्हता. ते म्हणाले, मी मोटारसायकलवर मागं राहीन.

आम्ही निघालो तो पुन्हा सोनकीचाच महिना होता. पाऊस थांबला होता, पण हवेत ओल होती. रतनवाडीपर्यंत उजव्या हाताला पाणी साथीला होतं. एवढं सुंदर की मला राग आला. डोंगरांवरून पांढऱ्या धारा लोंबत होत्या, बांधाबांधावर पिवळी फुलं, आणि मी धापा टाकत विचार करत होते की हे सगळं बघून माणूस मरतो कसा.

साम्रद सोडून थोडं पुढं गेल्यावर दिरांनी मागून हॉर्न दिला आणि गाडी लावली. रस्ता तिथं वळून वर चढतो. एका बाजूला कारवीची झुडपं, दुसऱ्या बाजूला भाताचं खाचर. बाकी तिथं काहीच नव्हतं. मी सायकल आडवी केली आणि उभी राहिले. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.

खाचरात एक बाई गवत काढत होती, पन्नाशीची असेल. ती आमच्याकडं बघत बांधावर आली. आधी दिरांना ओळखलं, मग सायकलीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"त्यांची मालकीन का तुमी?"

मी हो म्हणाले. तिनं चिखलाचे हात पदराला पुसले आणि माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली की त्या दिवशी ती इथंच होती. सायकल पडल्याचा आवाज आला म्हणून धावली. ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं, तिच्या नवऱ्याला पिकअप आणायला गावात पिटाळलं. फोनला इथं रेंज नसते.

"पानी मागितलं त्यांनी. म्या दिलं, पर गिळवंना. छातीवर हात दाबून धरला हुता. लई तळमळले, ताई. सारखं इचारायचे, माझा भाऊ आला का. म्या म्हनलं, आला, वळनावर दिसतोय. दिसत कुनीच नव्हतं. काय करनार, खोटंच बोलले."

मी दिरांकडं बघितलं. ते मोटारसायकलला टेकून उभे होते, ते हळूच रस्त्यावर खाली बसले. भाऊ शेवटपर्यंत आपली वाट बघत होता हे त्यांनाही त्या क्षणीच कळत होतं. त्या दिवशी ते मागं वळून आले तेव्हा ह्यांची वाचा गेलेली होती.

"पण श्वास होता?" मी विचारलं.

"होता," ते म्हणाले. "राजूरच्या अलीकडं गेला. माझ्या हातात."

"मग मला तसं का सांगितलंत, भाऊजी?"

"तुम्ही पहिलं तेच विचारलंत. माझ्या तोंडून दुसरं काही निघालंच नाही."

त्या बाईनं दिरांना उठवलं नाही, समजावलं नाही. थोडा वेळ बसली आणि गवताचं ओझं तसंच होतं म्हणून परत खाचरात उतरली. मी तिचे आभारसुद्धा मानले नाहीत. सुचलं नाही.

चढ राहिला होता. मी सायकल हातात धरून तो पायीच चढले, मग बसले आणि घाटघरपर्यंत गेले. कड्यावर धुकं इतकं दाट होतं की लोखंडी कठड्यापलीकडं काही दिसत नव्हतं. पुण्याकडची काही मंडळी मक्याची कणसं खात धुकं हटायची वाट बघत होती. आम्हीही थांबलो. खालून वारा येत होता, पण धुकं काही हटलं नाही. शेवटी दीर म्हणाले, चला, परतीचा रस्ता लांब आहे.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई ओसरीवर निवडायला गहू घेऊन बसल्या होत्या. जागा कशी हाय, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, चांगली आहे, बाजूला भात आहे, झाडी आहे. मग त्यांनी विचारलं, कुनी भेटलं का तिथलं, त्या दिवशीचं. दीर चप्पल काढत होते, ते तसेच वाकलेले राहिले. मी म्हणाले, नाही आई, कुणीच नाही. त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

त्यानंतर दीर आमच्याकडं कमी यायला लागले. आले तरी आईजवळ बसतात, माझ्याकडं बघायचं टाळतात. त्यांच्यावर माझा राग नाही, हे मी त्यांना एकदा सांगितलंसुद्धा. ते नुसते हं म्हणाले. सायकल मी अजून चालवते, शाळेत जाते-येते तिच्यावर. भंडारदऱ्याला पुन्हा गेले नाही.