एका रजेसाठी बहारीनला

मुंबईहून विमान सुटलं तेव्हा माझ्या पिशवीत बायकोने दिलेले डिंकाचे लाडू होते आणि डोक्यात एकच काम होतं. मुलाची यंदाची रजा मिळवायची.

ज्यांची माणसं आखातात आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. वर्षातून एकदा रजा, आणि ती कुणाच्या वाट्याला जाणार यावरून रुसवेफुगवे. कार्तिकात मला सत्तर पूर्ण होतात. भीमरथी शांत करायची ठरली आहे आणि ती मुलाने करायची असते. पण माझा धाकटा भाऊ प्रकाश पंचवीस वर्षांनंतर बहारीन सोडून चिपळूणला परततो आहे. त्याच्या नव्या घराची वास्तुशांत अक्षय्य तृतीयेला. त्याला मूलबाळ नाही, त्यामुळे निखिलने सहकुटुंब यावं, तोरण त्यानेच बांधावं असा त्याचा हट्ट. निखिल माझा मुलगा. हे इथेच लिहून ठेवतो, कारण पुढे ते मलाच सांगत फिरावं लागलं.

विमान उतरताना आधी फिकट हिरवा समुद्र दिसतो, मग पाण्यात भराव घालून केलेली जमीन आणि तिच्यावर मातीच्या रंगाची घरं. विमानतळावर निखिल, सूनबाई आणि सहा वर्षांची नात इरा आली होती. प्रकाशही होताच. इराने मला वाकून नमस्कार केला आणि पळत जाऊन प्रकाशच्या कडेवर चढली. त्याला ती ‘आजू’ म्हणते. मी ‘पुण्याचे आजोबा’. म्हणजे मला गाव आहे, आणि त्याला नात आहे.

गाडीत आणखी एक गोष्ट कानाला टोचली. निखिल मला “अहो बाबा, पट्टा लावा” म्हणाला आणि लगेच मागे वळून, “अरे काका, तुला चहा घ्यायचाय का?” आमच्या घरात वडिलांना अहोच म्हणायची पद्धत, ती मीच लावलेली. तरी त्या ‘अरे’चा मला हेवा वाटला. वाटला तर वाटला, खोटं कशाला बोलू?

मुक्काम सनद नावाच्या वस्तीत प्रकाशकडे होता. त्याची बायको अलका नव्या घराच्या कामासाठी आधीच चिपळूणला गेली होती. निखिल तिथून दहा मिनिटांवर राहतो, पण त्याचं घर लहान म्हणे. प्रकाश पहाटेच सित्रा भागातल्या कामावर कंपनीच्या बसने जायचा. मी चहा घेऊन फोनवर अमेरिकेच्या बातम्या लावायचो. तिथे मला मत नाही, पण मतं भरपूर आहेत. सरकारने कुपनं देऊन लोकांना खायला घालायचं, बाप पोरं टाकून निघून जाणार आणि ती पोसणार कोण, तर कर भरणारे! मात्र त्यांची एक गोष्ट मला फार पटते. अठरा वर्षं झाली की पोराने घराबाहेर पडायचं, स्वतःचं स्वतः बघायचं. निखिलला मी हे शाळेत असल्यापासून ऐकवत आलो. तो बहारीनला आल्यावर दर रविवारी फोनवरही ऐकवलं.

तिसऱ्या दिवशी दूध आणायला कोल्ड स्टोअरला (कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाला इथे असंच म्हणतात) गेलो आणि परत येताना चुकलो. सगळ्या भिंती एका रंगाच्या, सगळी फाटकं एकसारखी. अर्धा तास उन्हात फिरलो. शेवटी पांढऱ्या झग्यातल्या एका दणकट म्हाताऱ्याने गाडी थांबवली. तो प्रकाशचा घरमालक अबू जासिम निघाला. इथल्या बऱ्याच जुन्या माणसांना हिंदी येतं.

“तुम प्रकाश का बड़ा भाई?”

“हां. निखिल का बाप.”

“निखिल का बाप तो प्रकाश!” तो हसला. मी नातं समजावून सांगितलं. “अच्छा, अच्छा. चाचा है? माफ करना. इतने साल हम उसको बेटा समझा.”

त्याने मला घरापर्यंत आणून सोडलं. दूध फाटलं होतं.

शुक्रवारी सुट्टी. अबू जासिमने आम्हा सगळ्यांना आपल्या मजलिशीत (पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीत) जेवायला बोलावलं. गालिच्यावर मोठं ताट, त्यात मच्छबूस (मसाल्याचा भात, वर अख्खा मासा), शेजारी लिंबं आणि मुळ्याचा पाला. हाताने खायचं. चव अशी, की मी दुसऱ्यांदा घेतलं. त्याचे चारही मुलगे संसारांसह वरच्या मजल्यांवर राहतात. धाकट्याला नोकरी नव्हती. “सरकार थोड़ा देता है, मैं थोड़ा देता है,” अबू जासिम म्हणाला. “काम मिलेगा, इन्शाल्ला.”

मला आयतंच मैदान मिळालं. भातात हात ठेवूनच मी हिंदीत सुरू केलं. बसून खाणाऱ्याला फुकट मिळालं की तो उठत नाही. अमेरिकेची तीच गत झाली आहे. ज्याने जन्म दिला त्याने पोसावं, तेही अठरापर्यंत. पुढे बायकापोरं घेऊन दुसऱ्याच्या दारात बसणाऱ्याला लाज कशी वाटत नाही, हेच मला समजत नाही.

“दादा, तुझी पेन्शन कोण देतं रे?” प्रकाशने चेष्टेने विषय वळवायचा प्रयत्न केला. मी वळलो नाही.

अबू जासिम मन लावून ऐकत होता. “अठारा साल, सीधा बाहर? फिर मां किधर बैठके रोती है?” मग त्याने निखिलच्या पाठीवर थाप मारली. “ये भी बैठा था मेरे घर. नौकरी खलास, बच्ची छोटी. प्रकाश बोला किराया मैं दूंगा. मैं बोला, मफी किराया (भाडं नको). ऊपर कमरा खाली है. सात महीना. शरम क्या? आज देखो, साहब है.”

ताटाभोवतीचे सगळे हात थांबले. इरा तेवढी लिंबू पिळत होती.

ते सात महिने मला नीट आठवतात. दर रविवारी व्हिडिओ कॉल. निखिल इस्त्रीच्या शर्टात असायचा, मागे पांढरी भिंत. ऑफिसातूनच बोलतोय म्हणायचा. मी विचारायचो, पगारवाढ झाली का? आणि मग अमेरिकेतल्या ऐतखाऊंवर अर्धा तास. तो “हो बाबा, बरोबर आहे बाबा” म्हणायचा. ती भिंत अबू जासिमच्या घराची होती.

जेवण झाल्यावर मी त्याला अंगणात गाठलं. “मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात, बाबा?”

मी काय म्हणालो असतो ते आम्हा दोघांनाही पाठ होतं. तो आवाज न चढवता म्हणाला, “काकाने काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, सामान घेऊन ये.”

माझ्या मनात आधी काय आलं असेल? पश्चात्ताप यायला हवा होता. मला प्रकाशचा राग आला. माझ्या मुलाच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट सात महिने त्याला मिळाले होते, आणि मला नुसते शर्ट दाखवले गेले होते. पुढचे चार दिवस मी बाजार पाहिला, जिदहफ्सला जाऊन खजूर घेतला, हलवा घेतला. रजेचा विषय काढला नाही. कोणत्या तोंडाने काढणार?

निघायच्या दिवशी प्रकाश पहाटेच माझ्या पाया पडून कामावर गेला. निखिल मला सोडायला आला. दोन्हीकडे समुद्र असलेल्या पुलावरून जाताना तो म्हणाला, “बाबा, लीव्ह टाकली. कार्तिकातली. शांतीला आम्ही तिघं येतोय.”

“आणि काकाची वास्तुशांत?”

“त्यानेच फॉर्म भरायला लावला. म्हणाला, दादा हेच मागायला आलाय, पण त्याच्याने मागवत नाहीये. म्हणाला, तोरण काय, अलका काकूचा भाचा बांधेल.”

मी ‘नको’ म्हणायला हवं होतं. पूल चांगला लांब आहे, म्हणायला वेळही होता. मी खिडकीबाहेर बघत राहिलो आणि विमानतळ आला.

पुण्याला पोचल्यावर बायकोला विचारलं, “निखिलची नोकरी गेली होती, तुला माहीत होतं?”

“होतं,” ती म्हणाली. “भावजींनी त्याच दिवशी फोन केला होता. चहा टाकू?”

लोक विचारतात, कसं काय बहारीन? मी समुद्र सांगतो, मासा सांगतो, अबू जासिम सांगतो. फुकट घेणाऱ्यांवर मी जन्मभर तोंडसुख घेतलं. या वयात धाकट्या भावाने माझा मुलगा पंधरा दिवसांसाठी माझ्या पदरात टाकला, आणि मी तो घेतला. कार्तिकात गुरुजी मुलाला पुढे बसायला सांगतील तेव्हा तो येऊन बसेल. प्रकाशला मी अजून फोन केलेला नाही.